उदासी हा आळस नव्हे

नरकचतुर्दशीची पहाट. सारे घर उठलेले असते. पाणी तापलेले, उटणे कालवलेले, मुले फटाके घेऊन अंगणात पळण्याच्या तयारीत. आणि घरातले एक माणूस मात्र अंथरुणातून उठायला तयार नाही. ताप नाही, खोकला नाही. विचारावे तर ‘मला काही नको, तुमचं तुम्ही करा’ एवढेच उत्तर. मग स्वयंपाकघरात कुजबूज सुरू होते. ‘सणासुदीचं तोंड पाडून कसलं बसायचं?’ असे एकजण म्हणते. ‘आमच्या वेळी ही असली थेरं नव्हती’ असे वडीलधारे बोलतात. ‘जरा मन घट्ट कर, चार लोकांत मिसळ’ असा उपदेश शेजारून येतो. बोलणारी ही सगळी माणसे प्रेमाचीच असतात. पण त्यांचे प्रत्येक वाक्य त्या अंथरुणातल्या माणसाला एकच गोष्ट सांगते, की चूक तुझी आहे.

या सदरात आपण एरवी पोट, दात, डोळे, सांधे अशा दिसणाऱ्या आणि दुखणाऱ्या अवयवांविषयी बोलतो. दिवाळी अंकात ऐसपैस बसायला जागा मिळते, म्हणून यंदा मुद्दाम अवघड विषय घेतला आहे. डॉक्टर ज्याला ‘डिप्रेशन’ म्हणतात आणि मराठीत ज्याला कोणी नैराश्य तर कोणी खिन्नता म्हणतात, तो हा आजार. दिवाळीत दुखण्याच्या गोष्टी कशाला, असे काही वाचक म्हणतील. पण घर उजळलेले असताना आपल्याच मनात दिवा का लागत नाही, हे कोडे ज्याला पडलेले असते त्याला हे दिवस सर्वात जड जातात. तेव्हा ही गोष्ट आजच बोललेली बरी.

दुःख वेगळे, आजार वेगळा

प्रथम एक घोटाळा दूर करू. दुःख हा आजार नव्हे. जवळचे माणूस गेले, पीक बुडाले, नोकरी सुटली, तर मन रडणारच; न रडले तरच काळजी. अशा दुःखाला भरती-ओहोटी असते. दुःखात बुडालेला माणूसही मध्येच नातवाच्या बोलण्यावर हसतो, दोन घास जेवतो, आणि दिवस जातील तसा सावरतो.

आजाराची चाल निराळी. त्यात मन खिन्न असते किंवा कशातच गोडी वाटत नाही, आणि हे दिवसचा दिवस, जवळजवळ रोज, निदान दोन आठवडे चालते. त्याच्या जोडीला आणखी काही येते. झोप उडते किंवा अती होते. भूक मरते किंवा खा-खा सुटते. काही न करता थकवा येतो. वर्तमानपत्राच्या चार ओळी वाचल्या तरी ध्यानात राहत नाहीत. हालचाल मंदावते किंवा जीव तगमगतो. ‘मी कुचकामाचा, माझ्यामुळेच सगळ्यांना त्रास’ असे वाटू लागते. आणि शेवटी ‘जगून काय करायचे’ हा विचार डोकावतो.

डॉक्टरांनी याचीच एक नऊ प्रश्नांची पत्रिका केली आहे. मागच्या दोन आठवड्यांत हे हे किती वेळा झाले, असे विचारायचे आणि प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण द्यायचे. एकूण गुण 27. 10 च्या पुढे गेले की लक्ष द्यायला हवे, 15 च्या पुढे गेले की आजार चांगलाच जड आहे असे समजायचे. या परीक्षेत जितके गुण कमी तितके चांगले.

आणि हा आजार फार थोड्यांना होतो, असेही नाही. बंगळूरच्या ‘निमहान्स’ या संस्थेने 2015-16 मध्ये 12 राज्यांत मोठी पाहणी केली. तीत असे दिसले, की साधारण 20 प्रौढ माणसांमागे एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा हा आजार गाठतो. आपल्या पंक्तीला जेवायला बसणारी माणसे मोजा, म्हणजे हिशेब कळेल. त्याच पाहणीने दुसरी गोष्ट सांगितली, ती अधिक बोचणारी आहे: या आजाराच्या शंभरातल्या सुमारे 85 जणांना कसलाच उपचार मिळत नव्हता.

हरारेपासून गोव्यापर्यंत

उपचार का मिळत नाही, या प्रश्नाच्या मागे ज्यांनी उभी हयात घालवली, त्यांत डॉ. विक्रम पटेल यांचे नाव अगोदर घ्यावे लागेल. जन्म मुंबईचा, वैद्यकीचे शिक्षण मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात, पुढे ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्ड. 1990 नंतरच्या दशकात ते आफ्रिकेतल्या झिंबाब्वेमध्ये, हरारे शहरात संशोधनाला गेले. जाताना त्यांचा समज असा होता, की ‘डिप्रेशन’ हे पाश्चात्त्यांचे खूळ असावे. गरीब देशांत माणसाला पोटाची चिंता असते, तिथे असल्या आजाराला वाव कुठला?

तिथे गेल्यावर त्यांना एक शब्द भेटला. शोना भाषेत लोक म्हणत, ‘कुफुंगिसिसा’. अर्थ सरळ आहे: फार विचार करणे. ज्यांना हे ‘फार विचारांचे’ दुखणे होते त्यांची नीट विचारपूस केली, तेव्हा लक्षणे तीच निघाली. झोप नाही, भूक नाही, गोडी नाही, जगण्यात अर्थ नाही. नाव निराळे, दुखणे एकच. आपल्याकडे वऱ्हाडातला माणूस ‘रातभर इचार येतात’ म्हणतो, तेव्हा तो हरारेच्या माणसाचीच भाषा बोलत असतो.

भारतात परतल्यावर डॉ. पटेल गोव्यात राहिले. 1996 मध्ये सहकाऱ्यांसह त्यांनी तिथे ‘संगाथ’ ही संस्था काढली. तिथल्या सरकारी दवाखान्यांत त्यांनी काय पाहिले? बायाबापड्या येत त्या हातपाय दुखतात, अंगात त्राण नाही, डोके जड आहे, अंगावरून पांढरे जाते अशा तक्रारी घेऊन. ‘मन उदास आहे’ असे कोणी म्हणत नसे, आणि डॉक्टरही विचारत नसत. शक्तीचे इंजेक्शन आणि लाल-पिवळ्या गोळ्या घेऊन बाई घरी जाई. नीट तपासल्यावर आढळले, की पांढरे जाण्याची तक्रार करणाऱ्या पुष्कळ बायकांना जंतूंचा विकार नव्हताच. त्यांच्या तक्रारीचा संबंध मनाच्या ताणाशी अधिक होता.

2002 मध्ये या मंडळींचा बाळंतिणींवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर नैराश्य कोणत्या आईला येते, हा प्रश्न होता. गरिबी आणि नवऱ्याशी न पटणे ही कारणे निघाली, ती अपेक्षितच होती. पण तिसरे कारण वाचून मान खाली जाते. मुलगी झाली तर आईला हा आजार होण्याचा धोका वाढत होता. आता सांगा, हा दोष त्या आईच्या मनाचा, की पाळण्याभोवती लांब चेहरे करून उभ्या राहिलेल्या माणसांचा?

गोळ्यांची गोष्ट

‘यावर औषध आहे का?’ हा वाचकांचा पुढचा प्रश्न. आहे. आणि त्या औषधाची कथा थोडीशी आपल्या मुंबईतूनही जाते.

सर्पगंधा ही वनस्पती आपल्या वैद्यांना पूर्वापार ठाऊक होती. 1949 मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती रक्तदाबावर कशी चालते, हे इंग्लंडच्या नामांकित नियतकालिकात मांडले आणि जगाचे लक्ष तिच्याकडे गेले. 1952 मध्ये तिच्यातले ‘रेसर्पिन’ हे द्रव्य स्वित्झर्लंडमध्ये वेगळे काढण्यात आले. रक्तदाब उतरू लागला. पण ते घेणाऱ्या काही रोग्यांच्या मनावर मळभ येते, असे डॉक्टरांच्या नजरेस आले. याच सुमारास अमेरिकेत उलटा प्रकार घडत होता. क्षयाच्या रोग्यांना ‘इप्रोनियाझिड’ नावाचे नवे औषध दिले, तर फुप्फुसांचे काय व्हायचे ते होवो, रोग्यांचा हुरूप भलताच वाढला. आणि 1956 मध्ये स्वित्झर्लंडचे डॉ. रोलँड कून हे दुसऱ्याच एका मनोविकारावर ‘इमिप्रामिन’ देऊन पाहत होते. त्या विकाराला ते लागू पडेना. पण जे रोगी खिन्नतेने ग्रासले होते ते मात्र सुधारू लागले.

एका औषधाने मन खाली जाते, दुसऱ्याने वर येते. यावरून शास्त्रज्ञांनी असा तर्क बांधला, की मेंदूत निरोप नेणारी काही रसायने कमी पडली की नैराश्य येते. त्या तर्काच्या बळावर पुढे पुष्कळ औषधे निघाली. 1987 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले ‘फ्लुओक्सेटिन’ त्यांतले सर्वांना ठाऊक. आज मात्र अभ्यासक सांगतात, की प्रकरण इतके सोपे नाही. ‘अमुक रसायन कमी झाले म्हणून नैराश्य’ हे समीकरण पुराव्याच्या कसोटीला तसेच्या तसे उतरलेले नाही. पण औषध नेमके कसे चालते हे पुरते न कळणे वेगळे, आणि औषध न चालणे वेगळे. जड आजारात या गोळ्यांचा उपयोग होतो, हे पुष्कळ चाचण्यांतून दिसले आहे.

मात्र तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक, गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. चार दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून सोडू नये. दोन, बरे वाटले म्हणून गोळी एकदम बंद करू नये. बरे वाटल्यावरही काही महिने ती चालू ठेवावी लागते, आणि उतरवायची ती डॉक्टरांच्या सांगण्याने, हळूहळू. तीन, सुरुवातीच्या दिवसांत तगमग वाढली किंवा मरणाचे विचार वाढले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे.

बोलण्याने रोग बरा होतो काय?

गोळ्या आहेत, पण त्या लिहून देणारे कुठे आहेत? आपल्या देशात लाख माणसांमागे एकसुद्धा मानसोपचारतज्ज्ञ येत नाही, आणि जे आहेत ते बहुतेक शहरांत. शिवाय सगळ्यांना गोळीची गरज असतेच असे नाही. बोलून करायचे उपचारही आहेत. पण ते शिकलेली माणसे त्याहून दुर्मीळ.

तेव्हा डॉ. पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक धाडसी प्रश्न विचारला: हे काम गावातली साधी माणसे शिकून करू शकतील काय? उत्तर एका फटक्यात मिळाले नाही, हे मुद्दाम सांगायला हवे. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या गोव्याच्याच एका चाचणीत गोळी, बोलण्याचा उपचार आणि नुसती दिखाऊ गोळी यांची तुलना केली होती. पहिल्या दोन महिन्यांत गोळी सरस ठरली. बोलण्याचा उपचार दिखाऊ गोळीपेक्षा पुढे गेला नाही. दुसरा कोणी असता तर वही मिटून बसला असता. यांनी ती पुन्हा उघडली.

पुढची चाचणी ‘मानस’ नावाची, 2010 मध्ये प्रसिद्ध झालेली. गोव्यातले 24 दवाखाने, 12 सरकारी आणि 12 खाजगी. निम्म्या ठिकाणी डॉक्टरांच्या जोडीला एक प्रशिक्षित आरोग्य-समुपदेशक बसवला. मानसशास्त्राची पदवी नसलेला, इथलाच, इथली भाषा बोलणारा. सरकारी दवाखान्यांत सहा महिन्यांनी दिसले, की समुपदेशक असलेल्या ठिकाणी शंभरात सुमारे 66 रोगी बरे झाले, नसलेल्या ठिकाणी सुमारे 42. खाजगी दवाखान्यांत मात्र फरक पडला नाही. संशोधकांनी तेही तितक्याच ठळकपणे छापले. शास्त्रावर विश्वास ठेवावा तो अशासाठी.

यातून शिकून त्यांनी आजारासाठी खास असा छोटा उपचार बेतला. सहा ते आठ भेटी, दर भेट अर्ध्या-पाऊण तासाची. 2016 अखेर त्याचा निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने जाहीर केला. गोव्यातल्या 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांतले 495 रोगी, सगळे जड आजाराचे. तीन महिन्यांनी पाहिले तर ज्यांना नेहमीच्या उपचाराबरोबर या भेटी मिळाल्या त्यांच्यातले शंभरात 64 जण आजाराच्या रेषेखाली आले होते. ज्यांना भेटी मिळाल्या नाहीत त्यांच्यातले 39. वर्षभराने पाहिले तेव्हाही तो लाभ टिकून होता.

या भेटींत होते तरी काय? नुसत्या गप्पा नव्हेत. मन खिन्न झाले की माणूस कामे टाळतो, माणसे टाळतो. टाळल्याने घटकाभर बरे वाटते; पण त्यामुळेच आनंदाचे, कौतुकाचे, ‘आपल्याला जमले’ असे वाटण्याचे प्रसंग आटतात. ते आटले की मन आणखी खिन्न होते. रहाटगाडगे फिरत राहते. आपण सारे सांगतो, ‘आधी मन ताजे कर, मग कामाला लाग.’ हा उपचार उलटे सांगतो: मन ताजे होण्याची वाट पाहू नका, एक लहानसे काम आधी करा, मन मागून येईल.

समजा, अचलपूरकडचा एक शेतकरी आहे. तो म्हणतो, ‘कशातच मन लागत नाही, ताई.’ समुपदेशक ताई त्याला उपदेश करीत नाही. ती विचारते, ‘भाऊ, पूर्वी सकाळी उठल्यावर काय करत होता?’ तो आठवून सांगतो, गोठ्यात जायचो, मग पारावर चहा. ‘उद्या फक्त गोठ्यापर्यंत जाऊन या. किती वाजता जाल? सोबत कोणाला नेता?’ असे वेळ ठरवून, कागदावर लिहून, एवढेसे काम ठरते. पुढच्या भेटीत ती विचारते, झाले का? झाले तर कसे वाटले? नाही झाले तर आड काय आले? गोठ्यावरून पारापर्यंत, पारावरून बाजारापर्यंत, अशी ही वाट हळूहळू लांबते. मधून अडचणींची यादी होते: यांतली सुटण्याजोगी कोणती, न सुटण्याजोगी कोणती, आणि सुटण्याजोगीची पहिली पायरी कोणती. ‘चार लोकांत मिसळ’ हाच आपला उपदेशही होता. पण आपण डोंगराचा माथा दाखवत होतो, ती पहिली पायरी दाखवते आणि दर आठवड्याला परत येते. एवढाच फरक, आणि सगळा फरक त्यातच आहे.

विदर्भात आल्यावर

गोवा झाला, पण आमच्या विदर्भाचे काय, असे नागपूरचा वाचक विचारील. विचारायलाच हवे. कापसाचा हा मुलुख. इथली दिवाळी वेचणीच्या हंगामात येते. कापूस घरात येतो आणि त्याच्या मागोमाग कृषी केंद्राची उधारी, सावकाराचा निरोप आणि बँकेची नोटीस येते. यवतमाळ, अमरावती, वर्धा, अकोला, बुलढाणा, वाशीम या जिल्ह्यांची नावे शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर माहीत व्हावीत, हे आपले दुर्दैव.

याच भागात ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. त्यात नागपूरची ‘प्रकृती’ ही संस्था आणि गोव्याची ‘संगाथ’ एकत्र आल्या. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. राहुल शिधये यांनी त्याच्या अभ्यासाचे काम पुढे नेले. अमरावती जिल्ह्यातली 30 गावे घेतली. गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघर, बैठकांत या आजाराविषयी बोलायला सुरुवात केली; त्यांच्यावर प्रशिक्षित समुपदेशक; आणि ज्यांचा आजार जड त्यांच्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ.

2017 मध्ये त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. सुरुवातीला या गावांत नैराश्य असलेल्या शंभर माणसांपैकी जेमतेम चार जण कोणाकडे तरी उपचाराला गेले होते. नेमका आकडा 4.3. दीड वर्षाने पुन्हा पाहणी केली तेव्हा तो 27.2 झाला होता. म्हणजे सहा पट. आणि ही वाढ बाई-पुरुष, शिकलेला-अडाणी, गरीब-सधन, ही जात-ती जात अशा सगळ्यांत सारखीच होती. आमच्या मते ही बाब आकड्याहून मोठी आहे. शेजारी असेच दुसरे, प्रकल्प नसलेले गाव घेऊन तुलना केलेली नव्हती, तेव्हा सारे श्रेय प्रकल्पालाच, असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. आणि 27 म्हणजेही 73 राहिलेच. पण चारावरून सत्तावीसवर जाता येते, आणि तेही आपल्याच वऱ्हाडात, हे तर दिसले.

आता एक कडू आक्षेप. ‘शेतकऱ्याला भाव द्या, पाणी द्या, कर्जातून सोडवा, गोळ्या आणि गप्पा कशाला?’ असे म्हणणारे आहेत, आणि त्यांचा राग खोटा नाही. कापसाला भाव नसेल तर कोणतीही समुपदेशक ताई तो आणून देऊ शकत नाही. धोरणाची चूक शेतकऱ्याच्या मनाच्या माथी मारणे हा अन्यायच होईल. पण दुसरी बाजूही पाहा. त्याच गावात, तेवढ्याच कर्जाची दहा घरे असतात. त्यांतल्या एकाच्या मनाला आजार झाला, तर अर्ज करायला तहसीलला जाण्याचे, बँकेत बोलण्याचे, भावाजवळ शब्द टाकण्याचे बळ त्याच्यातून नेमके निघून जाते. कर्ज त्याला भिंत दिसते, दार दिसत नाही. भाव मिळवण्याची लढाई लांबची आहे. ती लढायला माणूस जिवंत आणि उभा हवा. तेव्हा ‘भाव की उपचार’ हा प्रश्नच चुकीचा. दोन्ही हवेत, आणि एकासाठी दुसरे थांबवायचे कारण नाही.

‘पागलखान्या’ची भीती

नागपूरला मानसिक आजाराचे नाव काढले, की लोकांच्या डोळ्यांपुढे एकच इमारत उभी राहते. इथले मनोरुग्णालय 1864 सालचे. इतक्या वर्षांत ‘पागलखाना’ हा शब्द या शहराच्या थट्टेत इतका मुरला आहे, की खरा रोगी त्या दिशेला पाऊल टाकायला कचरतो. पोरीचे लग्न अडेल, नोकरीत कळेल, सोयरे काय म्हणतील, या भीतीने माणसे वर्षानुवर्षे कुढतात. खरे तर नैराश्याच्या बहुतेक रोग्यांना कुठेही भरती व्हावे लागत नाही. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांपासून सुरुवात करता येते. मेडिकल कॉलेजच्या आणि जिल्हा रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागांत मनाचे डॉक्टर बसतात. मधुमेहाचा माणूस जसा गोळी घेऊन आपल्या कामाला जातो, तसाच हाही जातो.

कायदाही बदलला आहे. 2017 चा मानसिक आरोग्य कायदा 2018 च्या मे महिन्यापासून लागू झाला. जीव देण्याचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता असेच धरावे, त्याला गुन्हेगार म्हणून उभे करू नये, आणि त्याची काळजी घेणे सरकारचे कर्तव्य आहे, असे हा कायदा म्हणतो. जुन्या दंडविधानातले 309 कलम, ज्याच्या धाकाने घरचे लोक रुग्णालयात खरे सांगायला भीत, ते 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या न्यायसंहितेत ठेवलेले नाही. घरच्यांनी ते भय आता मनातून काढून टाकावे.

आपण काय करावे

वाचकांना शेवटी नेहमी हातात धरण्याजोगे काही हवे असते, म्हणून चार गोष्टी सांगतो.

घरातले माणूस दोन आठवड्यांहून अधिक काळ बदललेले दिसले, तर त्याला दोष देऊ नका, तुलना करू नका. शेजारी बसा आणि विचारा, ‘बरेच दिवस तू तुझ्यासारखा दिसत नाहीस. काय होतंय?’ मग गप्प राहा. उत्तर यायला वेळ लागतो.

त्याच्या मनात मरणाचे विचार येतात काय, हे सरळ, शांतपणे विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, असा एक खुळा समज आहे. तसे होत नाही. उलट बोलायला वाट मिळाल्याने भार उतरतो. उत्तर ‘हो’ आले तर त्याला एकटे सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. आणि घरात फवारणीचे औषध असेल तर ते कुलुपात घाला किंवा घराबाहेर दुसऱ्याच्या ताब्यात द्या. तो अनावर क्षण बहुधा थोडा वेळ टिकतो. त्या वेळात हाताशी काही नसणे, यानेच कित्येक जीव वाचतात.

रात्री-अपरात्री कोणी बोलायला नसेल, तर 14416 हा क्रमांक लावा. ‘टेलि-मानस’ नावाची ही सरकारी सेवा ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाली. ती चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत, आणि मराठीत बोलता येते. रोग्यानेच लावला पाहिजे असे नाही. काळजीत पडलेली आई किंवा मित्रही लावू शकतो.

आणि ज्याच्यावर हे दुखणे आले आहे तो स्वतः जर हे वाचत असेल, तर त्याला दोन शब्द. तुम्हांला आज जे खरे वाटते आहे, म्हणजे आपण कुचकामाचे आहोत आणि हे कधी संपणार नाही, ते आजाराचे बोलणे आहे. कावीळ झालेल्याचे डोळे पिवळे होतात, तसे हे आजारात होतेच. गोव्यातल्या त्या 495 जणांनाही सुरुवातीला तसेच वाटत होते. या दिवाळीत सगळे सण साजरे करण्याची सक्ती स्वतःवर करू नका. संध्याकाळी एक पणती लावा, किंवा एकाच माणसाला ‘मला बरे वाटत नाही’ एवढे सांगा. एका दिवसाला तेवढे पुरे आहे. पाडवा झाला की डॉक्टरांची वेळ घ्या.

बाकीच्या वाचकांनी फराळाची ताटे शेजारी पोचवताना ज्या घराचे दार हल्ली फारसे उघडत नाही, तिथे आधी जावे. ताट ठेवून लगेच परतू नये, जरा टेकावे. सर्वांना ही दिवाळी सुखाची आणि आरोग्याची जावो.